भाचीचा बॅले आणि माझं शूटिंग

माझी फजिती मीच सांगून टाकतो बुवा, नाहीतर आमची ताई तिखटमीठ लावून सांगेल!

मी अकोल्यात लग्नांचं शूटिंग करतो. वीस वर्षं झाली. ताई अमरावतीत एका मेसमध्ये पोळ्या लाटते आणि तिची प्रांजली बॅले शिकते. हो, बॅले! पायाच्या बोटांवर उभं राहून नाचायचं. मुंबईच्या एका संस्थेत राहून शिकायचं आणि पुढे त्यावरच पोट भरायचं, असा पोरीचा पक्का बेत. फी माफ होती, पण आधी नाचाचा व्हिडिओ पाठवायचा. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी.

आता सख्खा मामा असताना व्हिडिओ दुसरा कोण काढणार?

क्लासच्या हॉलमध्ये भिंतभर आरशापुढे पोरगी नाचू लागली. काय नाचली म्हणता! पण बूट बघितले तर दोऱ्यानं शिवलेले. म्हटलं, आपली गरिबी मुंबईकरांना कशाला दाखवायची? कॅमेरा कमरेखाली नेलाच नाही. चेहऱ्याचे मात्र एकाहून एक क्लोजअप!

"मामा, पाय येऊन राह्यले ना?"

"तू नाच वं! मले शिकवतं का?"

ताईच्याच खोलीत लॅपटॉप उघडून मिक्सिंग केलं. गिरकीला स्लो मोशन, उडीला गुलाबाच्या पाकळ्या. मुदत त्याच संध्याकाळची, म्हणून लगेच पाठवूनही दिला. मग ऐटीत प्रांजलीला दाखवला.

पहिलीच पाटी आली, 'चि. सौ. कां. प्रांजली'. सवयीनं पडली हो हातून!

"मामा, मले नाचाले जायचं हाय का सासरी? अन् माहे पाय कुठी हायेत?"

"पायात काय ठेवलं हाय?"

"बॅलेत पायातच सारं हाय, मामा!" तिचे डोळे भरून आले.

पोरीची एवढी मेहनत मी गुलाबाच्या पाकळ्यांखाली पुरली होती!

ती मात्र रडत बसली नाही. तडक हॉलवर गेली, मोबाइल पाण्याच्या कॅनला टेकवला आणि त्याच शिवलेल्या बुटांत एका दमात नाचली. मुदतीच्या आत व्हिडिओ गेला. मला तिनं बाहेरच उभं केलं होतं.

आणि निवड झाली! तिला मुंबईला पोचवायला मीच गेलो. दारातच तिथल्या बाई माझ्याकडे निरखून पाहू लागल्या.

"पहिल्या व्हिडिओत मागच्या भिंतीवरच्या आरशात दिसत होते, ते तुम्हीच ना?"

मी छाती फुगवली. "हो, मीच तो!"

"डोक्यापासून पायापर्यंत त्यात फक्त तुम्हीच दिसत होतात," बाई म्हणाल्या. "तुमचाही विचार केला असता, पण वयात बसत नाही हो!"