बापूंचे शंभर किलोमीटर आणि फोनातली बाई

सायकलच्या ग्रुपचं एक बरं असतं. किलोमीटर ॲप मोजतं, कॅलरी ॲप मोजतं, पण कोण कुठं हरवलं आणि कोण कुणाच्या गोठ्यात शिरलं, हे लक्षात ठेवणारं ॲप अजून निघालेलं नाही. ते काम आपोआप माझ्याकडे आलंय. रविवारी राईड आणि सोमवारी स्टाफरूममध्ये किस्सा, असं गेली काही वर्षं चाललंय. आता तर शाळेतले लोक "कशी झाली राईड?" असं विचारतच नाहीत. "या वेळी कुठं चुकलात?" असंच विचारतात!

आम्ही चौघं, सगळे श्रीरामपूरचे. शिरसाठ सर रिटायर्ड पी.टी. टीचर, पण शिट्टी अजून गळ्यात. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. बापूंचं खता-बियाण्यांचं दुकान, शरीर भारदस्त आणि स्वभाव त्याहून ऐसपैस. चौथी मी. मी शाळेत भूगोल शिकवते. हे मी राईडवर शक्यतो कुणाला सांगत नाही.

आणि पाचवी, आमच्या फोनातली बाई. "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा" हे ती इतक्या खात्रीनं सांगते, की डावीकडे विहीर असली तरी माणूस क्षणभर विचारात पडतो.

*

तिनं आम्हाला पहिल्यांदा चकवलं ते बेलापूरकडे. उन्हाळ्यात डॉक्टरांनी एक झकास रस्ता शोधला होता. डांबरी सोडून शेतातून जाणारी गाडीवाट, ट्रॅफिक शून्य. त्यांनी तो ॲपमध्ये सेव्ह करून त्याला 'डॉक्टर्स शॉर्टकट' असं नावसुद्धा दिलं.

पाऊस संपल्यावर आम्ही चौघं मोठ्या थाटात तिथं पोचलो. बाई म्हणाली, "सरळ जा."

समोर ऊस! डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा.

"आत असेल कुठंतरी वाट," सर म्हणाले. बापू तर सायकल उचलून आत शिरलेसुद्धा. थोड्या वेळानं हेल्मेटमध्ये पाचट आणि कानावर ओरखडे घेऊन बाहेर आले. शेताचे मालक बांधावर बसून हे सगळं शांतपणे बघत होते.

"काका, इथं रस्ता होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय की. ऊस तुटला की रस्ता हाय. आता न्हाई."

"मग कधी तुटणार ऊस?"

"कारखान्याला इचारा. मी बी तेच इचारून ऱ्हायलोय!"

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात 'नकाशातले रस्ते' हा भाग शिकवायचा होता. मी तो पुढं ढकलला.

*

वांबोरीच्या घाटाचा किस्सा आता पार नगरपर्यंत पोचलाय.

बापूंची एक जुनी सवय होती. सपाटीला ते आमच्यात सगळ्यात पुढं, पण चढ आला की त्यांचे डोळे मागून येणारा टेम्पो शोधायला लागायचे. टेम्पोला आम्ही 'बापूंचा शेवटचा गिअर' म्हणायचो. वांबोरीच्या घाटातही त्यांनी कांद्याच्या टेम्पोला हात केला, सायकल गोण्यांवर टाकली आणि स्वतः वर चढून बसले. फक्त खिशातलं ॲप बंद करायचं राहिलं.

घाटमाथ्यावर आम्ही धापा टाकत पोचलो, तर बापू फोनकडे डोळे फाडून बघत उभे. त्या चढावर आजवर गेलेल्या सगळ्या सायकलवाल्यांमध्ये बापू पहिले! नावापुढं सोन्याचा मुकुट!

संध्याकाळपर्यंत अनोळखी पोरांचे मेसेज सुरू झाले. नगरच्या एका पैलवान गड्यानं विचारलं, "काका, एवढा स्टॅमिना! घाटाच्या आधी काय खाता?"

बापूंनी प्रामाणिकपणे लिहिलं, "खात काही नाही. कांद्यावर बसतो."

रेकॉर्ड त्यांनी लगेच काढूनही टाकलं. पण तोवर ते मंगलवहिनींपर्यंत, म्हणजे बापूंच्या बायकोपर्यंत पोचलं होतं. आम्ही चहाला गेलो तेव्हा वहिनींनी कपबशा खाली ठेवल्या आणि आमच्या देखतच निकाल दिला. "ओसरीत मधोमध ती सायकल. मी रोज तिला वळसा घालून पानी भरते. संक्रांतीच्या आत एकदा तरी सोताच्या पायानं शंभर किलोमीटर जाऊन दाखवा. फोनावर शंभरचा आकडा दिसला पायजे. न्हाईतर सायकल सोनईला, माझ्या दादाला. त्याचा लई डोळा हाय तिच्यावर!"

आम्ही हसलो, बापू हसले नाहीत. सायकल ते जुन्या बनियननं रोज पुसतात, दुकानातल्या माणसांनाही हात लावू देत नाहीत. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, तिच्यावर बसलो की माझे गुडघे मला कॉलेजातले वाटतात हो. मेव्हण्याला कशी द्यायची?"

मला खरंच वाईट वाटलं. सरांना वाईटबिईट वाटत नाही. त्यांनी शिट्टी मारली आणि दुसऱ्या दिवसापासून बापूंचं ट्रेनिंग सुरू केलं.

*

ट्रेनिंगमुळे रविवारची राईड लांबायला लागली. सर आणि मी एकाच चर्चचे. एका रविवारी घरी जायला वेळच उरला नाही, म्हणून आम्ही तसेच मिस्साला जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. सरांच्या अंगात पोपटी जर्सी. मागच्या खिशात फोन, आणि फोनातली बाई जागी! तिच्या हिशेबानं आमची राईड अजून चालूच होती.

फादर प्रवचनात रंगले होते. हात पसरून त्यांनी विचारलं, "माझ्या बंधुभगिनींनो, आपण नेमके कुठं चाललो आहोत?"

चर्चमध्ये शांतता. आणि त्या शांततेत सरांच्या पाठीमागून, "आपण मार्ग सोडला आहे. शक्य होताच मागे वळा."

सरांनी घाईघाईनं खिशात हात घालून बटण दाबलं. आवाज वाढला! बाईनं तेच वाक्य पुन्हा, आता पार वेदीपर्यंत ऐकवलं. आयुष्यभर पोरांना 'सावधान' म्हणणारे सर स्वतःच ताडकन सावधानमध्ये उभे राहिले.

फादरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं! पण ते इतकंच म्हणाले, "अर्धा तास मी हेच सांगतोय. बाईंनी एका वाक्यात सांगितलं. आमेन!"

*

डॉक्टरांचं दुखणं वेगळं. कुठल्याही वस्तीवरून जाऊ द्या, कुणीतरी आडवं येतंच. "डॉक्टर, तेवढी गाय बघून जाता का?" सोनईच्या राईडला तर इतक्या गाई बघाव्या लागल्या, की आम्ही जेवून परत निघालो तेव्हा ते जातानाच्याच रस्त्यावर भेटले.

शेवटी वैतागून त्यांनी ॲपला एकही गाव लागणार नाही असा रस्ता मागितला. आणि चक्क मिळाला! त्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढं, शीळ घालत. एका वळणावर बाईनं त्यांना उजवीकडे घातलं, ते थेट एका गोठ्याच्या दारात.

आतून मालक धावतच आले. "आवो डॉक्टर! आत्ताच तुमाला फोन लावाया घेतला, अन् तुमी दारात! म्हस सकाळधरनं अडलीय!"

पुढचा दीड तास डॉक्टर पॅडवाल्या टाईट चड्डीत म्हशीमागं. सर "जोर लावा!" म्हणून ओरडत होते. डॉक्टरांना की म्हशीला, ते अजून ठरलेलं नाही. बापू गरम पाण्याच्या बादल्या आणत होते. मी मात्र म्हशीच्या तोंडाकडे उभं राहायचं काम पत्करलं. पारडी झाली, छान काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. घरातल्या आजींनी डॉक्टरांची अक्षरशः दृष्ट काढली.

मालकांनी विचारलं, "पन तुमाला कळलं कसं?"

डॉक्टर हात धूत म्हणाले, "लोकेशन आलं."

पारडीचं नाव मालकांनी लोकेशन ठेवलं. आता गोठाभर उड्या मारते म्हणे.

*

आणि मग बापूंचा तो दिवस. डिसेंबरची थंडी, संक्रांत तोंडावर आलेली. श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेवटी भंडारदऱ्याच्या पायथ्याचं शेंडी गाव. ॲप म्हणत होतं, शंभराच्या थोडं वरच भरेल.

अकोल्याच्या पुढं चढ सुरू झाले. मागून टेम्पो येत होते, जीप येत होत्या. एक जीपवाला तर मुद्दाम थांबून म्हणाला, "बसा की पाव्हणं, जागा हाय!" बापूंनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. एका चढावर खाली उतरून सायकल हातानं ढकलली, पण वाहनाला हात केला नाही.

शेंडीच्या स्टँडवर पोचलो आणि बापू बाकावर धपकन बसले. सरांनी शिट्टी फुंकली. मी टाळ्या वाजवल्या. बापूंनी फोन काढला आणि त्यांचा चेहरा पडला.

नव्व्याण्णव!

वाटेत बाईचं न ऐकता सरांनी एका ओळखीच्या आडवाटेनं नेलं होतं. ते वाचलेलं अंतर आता बापूंच्या मुळावर आलं.

"मेव्हण्याचं नशीब," बापू म्हणाले. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीभोवती सायकलनं फेऱ्या मारायला लागले. एक फेरी, दुसरी, तिसरी. पाय इतके थकले होते, की वेग पार मुंगीचा. आकडा हलेना! ॲपला वाटत होतं, बापू थांबलेत.

खिडक्यांतून प्रवासी बघायला लागले. ड्रायव्हर खाली उतरला. "काय नवस हाय का, बापू?" जगात सगळेच त्यांना बापू का म्हणतात, मला माहीत नाही.

मी त्याला शंभरचं सगळं सांगितलं. कंडक्टरनं ऐकून खिडकीतून हात बाहेर काढला. "मंग फोन द्या की हिकडं! पयल्या फाट्याला शंभर करून देतो!"

बापू थांबले. एक पाय जमिनीवर टेकवून फोनकडे बघत राहिले. तो कंडक्टरला दिला असता, तरी वहिनींना काहीच कळलं नसतं.

"न्हाई," बापू म्हणाले. "फोन माझ्याच खिशात ऱ्हाईल."

ड्रायव्हर परत गाडीत चढत म्हणाला, "मंग असं करा, माझ्यामागं या. सावकाश घेतो. वारं लागनार न्हाई तुमाला."

आणि एसटी निघाली! बैलगाडीच्या चालीनं, राजूरच्या रस्त्यानं, पुढं लाल गाडी आणि मागं बापू. मागच्या काचेला सगळ्या प्रवाशांची तोंडं चिकटलेली. आम्ही तिघं बापूंच्या मागं. कुणी "चला बापू!" ओरडत होतं, कुणी मोबाईलवर शूटिंग घेत होतं. एक आजी मात्र कंडक्टरला सारखं विचारत होत्या, "आरं, बिघाड झालाय का गाडीत?"

बापूंच्या खिशातून बाई बोलली, "शंभर किलोमीटर पूर्ण." मी आजवर तिचे इतके सल्ले ऐकले, पण डोळ्यांत पाणी पहिल्यांदाच आलं.

कंडक्टरनं डबल बेल दिली. एसटीनं वेग घेतला आणि वळणाआड गेली.

बापू रस्त्याकडेच्या दगडावर बसले. वहिनींना फोन मीच लावून दिला, स्पीकरवर.

"मंगल, शंभर झाले! सोताच्या पायानं! फोटो धाडतो. आन् सांग तुझ्या दादाला, सायकल न्हाई मिळनार म्हनावं!"

"दादानं दिवाळीतच नवी घेतली," वहिनी म्हणाल्या. "मीच तर गेल्ते रंग पसंत कराया. तुमी जेवले का?"