आठ खिट्ट्यांचे झाकण

जानराव तायडे यांच्या खोलीचे दार त्यांनी स्वतः बिजागऱ्यांसह काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. अकोल्यास आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात मजुरांच्या बारा खोल्या होत्या. अकरा खोल्यांना दारे होती. जानरावांच्या खोलीत कुत्री येत, वारा येत असे, सरकीचा भुगा येत असे. लोक थट्टा करीत.

"जानराव, चोराले आवतन देल्लं काय?"

"येऊ दे. माही खोली पाहून थोच काई ठेवून जाईन," असे ते उत्तर देत. परंतु दार त्यांनी पुन्हा कधीही बसविले नाही.

मी चंद्रभान, त्यांच्यासोबत सोळा वर्षे बॉयलरवर काम केले. ते आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालून वाफेचा दाब राखणारे. मी त्यांना कोळसा आणून देत असे. प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्यानंतर मी प्रथम त्यांचे नाव लिहिले. आता त्यांच्या जीवनात काय घडले ते लिहीत आहे. यात मी काही वाढविलेले नाही.

जानराव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एका लहान गावचे. त्याच गावचा, त्याच वस्तीतील देवमन हा त्यांचा सोबती. दोघेही लहान वयात अकोल्यास येऊन जिनमध्ये लागले. दुसरे महायुद्ध सुरू होते. आरमारास बॉयलरची माहिती असलेले लोक हवे होते. एकोणीसशे बेचाळीस साली दोघांनी मुंबईस जाऊन नाव नोंदविले. तोपर्यंत दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जानराव सांगत, की गोदीत प्रथम लढाऊ जहाज पाहिले तेव्हा देवमन म्हणाला, "हे तं आपलं जिनच हाय. फक्त खाली पानी हाय."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. जहाजाच्या पोटात बॉयलर होते, वाफेच्या नळ्या होत्या, दाबाचे काटे होते. कोळशाच्या जागी तेल जळत होते, इतकाच फरक. वर तोफा होत्या. त्या कोठे रोखल्या आहेत हे खालच्या लोकांना कधी दिसत नसे. वर घंटा वाजे, तसा ते दाब वाढवीत किंवा कमी करीत. जानरावांनी तीन वर्षे युद्ध केले आणि एकही शत्रू पाहिला नाही.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ जहाजाच्या अगदी बाजूला विमानातून बॉम्ब पडला. बॉयलरच्या कोठडीचा पत्रा फाटला. त्या वेळी खाली देवमन आणि आणखी एक मनुष्य असे दोघे पाळीवर होते. जानरावांची पाळी संपून त्यांना पाव तास झाला होता. ते शिडीच्या वरच्या तोंडाशी उभे होते. त्या तोंडाला लोखंडी झाकण असते. झाकण लावले की पाणी त्या एका कोठडीत अडते आणि जहाज तरंगत राहते. न लावल्यास पाणी शेजारच्या कोठडीत जाते आणि जहाज सर्वांसह बुडते. साहेबाने झाकण लावण्याचा हुकूम दिला. जानरावांनी ते लावले. त्याला सभोवती आठ खिट्ट्या होत्या. त्या हाताने पिळून घट्ट कराव्या लागत. जहाज वाचले. ऐंशी माणसे वाचली.

देवमनची आई चतुराबाई गावी होत्या. पतीचे निधन झालेले, मुलगा एकुलता एक. त्यांच्या नावे सरकारी कागद आला. कागद इंग्रजीत होता आणि गावात इंग्रजी जाणणारा कोणी नव्हता. म्हणून चतुराबाई तो घेऊन बडनेऱ्याहून आगगाडीने अकोल्यास आल्या, आमच्या जिनचे जुने मिस्त्री नत्थुजी यांच्याकडे. नत्थुजी पहिल्या महायुद्धात बसऱ्यास होते. तेथील नदीत तोफा लावलेल्या बोटी चालत, त्यांपैकी एका बोटीवर त्यांनी दोन वर्षे इंजिन पुसले होते. त्यामुळे आपणास इंग्रजी येते, असे ते सांगत आणि आम्हांस ते खरे वाटे. त्यांना अक्षरे येत होती. शब्द फारसे येत नव्हते. त्यांनी कागदावर बोट ठेवून देवमनचे नाव काढले. पुढे एक शब्द होता. तो त्यांनी जुळवला.

"मशीन," ते म्हणाले. "देवमन मशीनवर हाय, चतुराबाई. मोठ्या कामावर घेतलेलं दिसते."

आम्ही जिनमधील माणसे. आमच्या दृष्टीने मशीनवर असणे म्हणजे काम असणे आणि काम असणे म्हणजे जिवंत असणे. आम्ही सर्वांनी त्या दिवशी आनंद मानला. त्यानंतर दुसरा कागद आला किंवा नाही, हे मला ठाऊक नाही. आला असल्यास तो कोणी वाचला नाही.

शेहेचाळीस साली जानराव परतले, आवारात मिळालेल्या खोलीचे दार त्यांनी काढले आणि ते पुन्हा बॉयलरवर लागले. मार्गशीर्षात चतुराबाई त्यांना भेटण्यास आल्या. पदराखाली खारोड्यांची पिशवी होती. खारोड्या म्हणजे बाजरी शिजवून, चिमटीने तोडून उन्हात वाळविलेले तुकडे. ते पुष्कळ दिवस टिकतात.

"जानू, तू आला. माहा देवमन अजून मशीनवरच हाय ना? सुट्टी नसन देत थे."

मी कोळशाची टोपली घेऊन तेथेच उभा होतो. जानरावांनी माझ्याकडे पाहिले, भट्टीकडे पाहिले आणि म्हटले, "हो माय."

"मंग हे त्याले पाठव. तुले पत्ता मालूम असन. अन् तू नको खाऊ रे, तुहा डोया पिशवीवरच दिसून राहिला!" असे म्हणून त्या हसल्या.

पुढील वर्षी त्या पुन्हा आल्या, पुन्हा पिशवी दिली, पुन्हा तोच प्रश्न विचारला. अशी दहा वर्षे गेली. जानराव त्या पिशव्या भट्टीमागील कोरड्या कोनाड्यात ओळीने ठेवीत. कोणास हात लावू देत नसत. एकोणीसशे एक्कावन्न साली मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी मला झाकणाची हकीकत सांगितली. तेव्हापासून पाच वर्षे मीही चतुराबाईंपुढे गप्प राहिलो. हा माझाही दोष आहे आणि तो येथे लिहिणे आवश्यक आहे.

छप्पन्न साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. लाखो लोकांसोबत उभे राहून पंचशील म्हटले. परतताना गाडीत सर्व जण आनंदात होते. जानराव मात्र खिडकीजवळ उभे होते.

"चंद्रभान, चौथं शील कोनतं?"

"खोटं न बोलन्याचं."

"मार्गशीर्षाले किती दिवस रायले?"

मी बोटांवर मोजून सांगितले. ते म्हणाले, "मी दारू सोडली. देव सोडले. थे सोपं होतं."

मी म्हटले, "बुढीले आता कायले सांगता? थे तेवढ्यावरच जगून राहिली."

"थे जगून राहिली, हे खरं. अन् मी तोंडानं शील म्हन्तलं, हेई खरं. दोन्ही कसं करू, सांग."

मी पुन्हा बोटांवर मार्गशीर्षाचे दिवस मोजू लागलो.

चतुराबाई मार्गशीर्षात आल्या. त्यांनीही दीक्षा घेतली होती. पांढरे लुगडे नेसल्या होत्या. दुपारची सुट्टी होती. नत्थुजी तेथे भाकर खात होते. चतुराबाईंनी पिशवी पुढे केली आणि प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात जानराव म्हणाले, "माय, विचारू नको. आज मी सांगतो. देवमन मशीनवर नाई. थो पंचेचाळीस सालीच गेला."

चतुराबाईंनी नत्थुजींकडे पाहिले. "कागदात तं मशीन होतं."

"कागदात मिसिंग असन," जानराव म्हणाले. "म्हंजे हरवला. सापडला नाई. साहेब लोक तसं लिहितात."

नत्थुजींनी हातातील घास खाली ठेवला. "म अन् स अन् न... मले मशीनच वाटलं, बाई," ते म्हणाले.

"हरवला तं सापडन," चतुराबाई म्हणाल्या.

"नाई सापडनार माय. थो कुठं हाय, मले मालूम हाय. वरून झाकन मीच लावलं." आणि मग त्यांनी सर्व सांगितले: पत्रा कसा फाटला, पाणी कसे आले, हुकूम कोणी दिला. ऐंशी माणसे वाचली, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते मी सांगितले. चतुराबाईंनी माझे म्हणणे ऐकलेच नाही.

त्या उठल्या. आमच्या बॉयलरला बाजूस एक झाकण होते, आत उतरून सफाई करण्यासाठी. त्या त्याच्याजवळ गेल्या. "असं होतं?"

"याच्याहून मोठं."

त्यांनी बोटातील पितळी वळ्याने झाकणावर ठोकले आणि कान जवळ नेला. लोखंड गरम होते, तरी त्या मागे सरल्या नाहीत.

"त्यानं असं ठोकलं?"

"हो."

"हाक मारली?"

जानराव हो म्हणू शकले असते. ते म्हणाले, "मारली असन माय. लोखंडातून हाक नाई येत. ठोकनं येते."

"किती डाव ठोकलं?"

"थे मी नाई मोजलं. मी खिट्ट्या मोजून राहिलो होतो. आठ."

चतुराबाई भट्टीमागे गेल्या. मग त्यांनी कोनाड्यातील पिशव्या पाहिल्या आणि एकेक करून सर्व खाली काढल्या. आजची धरून अकरा झाल्या. "आता तेरवी करत नाई आपून," त्या म्हणाल्या. "पन लोकायनं खाल्लं पायजे." त्या फाटकाजवळ बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत खारोड्या घालू लागल्या. हमालांना दिल्या, बायांना दिल्या, गाडीवानांना दिल्या. जुन्या पिशव्यांतील खारोड्यांत टोके, म्हणजे धान्यातील किडे, पडले होते, तरी कोणी नाही म्हटले नाही. नत्थुजींना दिल्या, ते रडत होते. मला दिल्या. शेवटी जानरावांनी ओंजळ पुढे केली.

चतुराबाई म्हणाल्या, "तू दहा वर्सं खाल्लं."

त्यांनी पिशवी झटकली, घडी केली आणि त्या स्टेशनकडे निघून गेल्या. जानरावांची ओंजळ तशीच होती. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तेव्हा मी त्यांना हात धरून भट्टीवर नेले.

त्यानंतर चतुराबाई अकोल्यास आल्या नाहीत. दरवर्षी मार्गशीर्षात जानराव त्यांच्या गावी जात. दोन वेळा मी सोबत होतो. चतुराबाई त्यांना पाणी देत, अंगणात बसू देत आणि एकच प्रश्न विचारीत, "किती डाव ठोकलं?" जानराव म्हणत, "नाई मोजलं माय." जानराव परतीची बस येईपर्यंत बसून राहत.

एकोणीसशे बासष्टच्या थंडीत जानरावांना छातीचा विकार झाला. आम्ही म्हटले, वारा लागतो, दार बसवून घ्या. त्यांनी बसवू दिले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले.

मी चतुराबाईंना सांगण्यास गेलो. त्या ज्वारी पाखडत होत्या. माझे बोलणे ऐकून त्यांनी सूप खाली ठेवले.

"चंद्रभान, दार उघडं होतं त्याचं?"

"उघडं होतं, माय," मी म्हटले. ते खरे होते.

त्यांनी मान हलविली आणि मला आत बसण्यास सांगितले.