बिसरामच्या घरातलं दुसरं नाक

आमगावच्या बाजारात बिसरामच्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा सरपंचाच्या सहीलाही नव्हता. पोत्यातून मूठभर तांदूळ काढायचा, तळहातावर चोळायचा, तोंडाची वाफ द्यायची आणि हुंगायचा. मग तो सांगायचा, हा अस्सल चिन्नोर. किंवा, ह्यात दुसरा तांदूळ मिसळलेला आहे. त्यावर अपील नव्हतं. व्यापारी एकमेकांशी भांडायचे, बिसरामच्या नाकाशी नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, रुख्माला, वास म्हणून काही येत नव्हता.

जन्मापासून असं नव्हतं. पाचव्या वर्षी तिला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. नाक कधी वाहतं, कधी चोंदलेलं. सकाळी उठली की कपाळ धरून बसायची. तोंड उघडं ठेवून झोपायची, त्यामुळे झोप अर्धी व्हायची. उरलेली अर्धी ती शाळेत पुरी करायची. गुरुजींनी तिला मंद ठरवून मागे बसवलं. मागे बसल्यावर ऐकू कमी यायचं, त्यामुळे गुरुजींचं म्हणणं रोज थोडं थोडं खरं होत गेलं. पोरी 'शेंबडी' म्हणून फुगडीला हात देत नसत. जेवणातही तिला चव कळत नसे, आणि हे तिच्या आईला, अनुसयाबाईला, सर्वांत जास्त लागायचं. "पोट्टी माया हातचं खाते का भुसा खाते, तिलेच ठाऊक नाही," ती म्हणायची.

गावात सर्दीवर औषध माहीत नसलेला माणूस नव्हता. ओव्याची पुरचुंडी झाली, हळदीची धुरी झाली. प्रत्येक औषध दोन दिवस लागू पडलं. बिसरामचा उपाय मात्र त्याच्या धंद्यातला होता. "नाकाले चांगल्या वासाची सवय लावा लागते," तो म्हणायचा, "मंग ते आपोआप जागं होते." म्हणून त्याने रुख्माचं अंथरूण कोठीच्या खोलीत, सुवासिक चिन्नोरच्या ढोलीला लागून घातलं. धान्य साठवायची, बांबूची, शेणाने लिंपलेली ती ढोली घरातली सर्वांत मानाची वस्तू होती. तिच्याशेजारी कोंड्याची पोती. मुलगी तिथे तीन वर्षं झोपली.

रोज संध्याकाळी परीक्षा व्हायची. बिसराम दोन मुठी पुढे करायचा. "सांग, चिन्नोर कोणत्या मुठीत?" रुख्मा त्याच्या तोंडाकडे बघून अंदाजाने बोट दाखवायची. निम्म्या वेळा ते बरोबर यायचं, आणि बिसराम भिंतीवर गेरूची एक रेघ ओढायचा.

छप्पन साली आमगाव मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. रुख्माचं नाक होतं तिथेच राहिलं. त्याच हिवाळ्यात तिचा एक डोळा सुजला, तेव्हा अनुसयाबाईने चूल सोडली.

"तुमी बाजाराचं नाक आहा, डाक्टर नाही. चला गोंदियाले."

गोंदियाच्या डॉक्टरांनी आरशाने नाकात उजेड पाडला, गालाच्या हाडावर बोटाने टिचकी मारली. रुख्मा कळवळली. हाडामागच्या पोकळीत पू साचलाय, ते म्हणाले. मग विचारलं, "बच्ची सोती कहाँ है?"

बिसरामने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"तीन साल से?"

"हो जी. अस्सल चिन्नोर."

"धूल है, भैया. अस्सल धूल."

घरी आल्यावर बिसरामने आधी अंथरूण उचललं आणि छपरीत नेलं.

इंजेक्शनं झाली. वाफ सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. अनुसयाबाई डोकं धरायची आणि रुख्माचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "नाक नहीं, बच्ची कैसी है, ये बताना." म्हणून बिसरामने भिंतीवर नव्या ओळी सुरू केल्या. तोंड मिटून झोपली, एक रेघ. सकाळी डोकं दुखलं नाही, एक रेघ. शाळेत डुलकी नाही, एक रेघ. महिन्याभरात भिंत लाल झाली. एका दुपारी रुख्मा फुगडी खेळून गुडघा फोडून आली, आणि बिसरामने त्याचीही रेघ ओढली.

फक्त मुठींची ओळ कोरी होती. आता रुख्मा अंदाज सांगत नसे. "नाही येत बा," म्हणायची आणि बिसराम मुठी मागे घ्यायचा.

माघात एका संध्याकाळी त्याने पुन्हा मुठी पुढे केल्या. रुख्माने नाक मुरडलं.

"सांग."

"बिडी."

"काय?"

"बिडीचा वास येते, बा. दोन्ही हाताले."

चुलीपासून अनुसयाबाईचा आवाज आला, "बारा वर्सं मी काय सांगून राहिली?"

बिसरामने स्वतःचे तळवे हुंगले. त्याला काहीच आलं नाही. पुन्हा हुंगले. मग तो उठून विहिरीवर गेला, राखेने हात कोपरापर्यंत घासले आणि परत येऊन मुठी धरल्या. रुख्माने डोळे मिटून डाव्या मुठीला बोट लावलं. बरोबर होतं. गेरू कुठे ठेवलाय ते त्याला बराच वेळ आठवेना.

पुढे दर पावसाळ्यात तिचं नाक चोंदायचं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. मग ती स्वतःच मिठाचं पाणी करून घ्यायची, कुरकुरत. गुरुजींनी तिला पुढे बसवलं, कारण आता ती मागून फार बोलायची.

बिसराम बिडी ओढायला गोठ्यामागे जाऊ लागला. आणि बाजारात पोत्यात हात घालण्याआधी तो राखेने हात धुऊ लागला. व्यापाऱ्यांना वाटलं, नवा काही नेम धरला असेल. तेही धुऊ लागले.