शोभेच्या भाकऱ्या

आमच्या गल्लीतली एक बाई भाकरी थापताना सारखी बोलते, आणि ऐकत मात्र कुणाचंच न्हाय. लग्नसराईत भाकऱ्या थापण्यावरच तिचं घर चालतं. गावचा जुना राजवाडा आता लग्नांना भाड्यानं देतात. तिथं परवा एका लग्नात दरबारात तिला चुलीपुढं बसवलेलं, पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून. भाकऱ्या कुणाला वाढायच्या न्हाईत, नुसत्या रचायच्या! मी वऱ्हाडातच होते, बघत होते. टोपलं भरलं तशी ती उठली आणि थेट दाराबाहेर उपाशी बसलेल्या बँडवाल्यांना वाढू लागली.

राजवाड्याचा मॅनेजर धावला. "अहो मावशी, ती सजावट आहे! पुन्हा बोलावणार नाही तुम्हाला!"

"नका बोलवू. माझी भाकरी शोभेला बसायची न्हाय. सरा बाजूला, ह्यांना पिठलं आणायचंय."