वेटिंगवर असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

ॲडमिशन मिळायच्या आधीच ती मिळाल्याचा फ्लेक्स मी गावच्या चौकात लावला.

दुसऱ्या कुणी लावला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण मजकूर माझा, फोटो माझा, आणि फोटोतला गॉगल मामाचा असला तरी तो घालून मान तिरकी करण्याची अक्कल माझीच. ‘सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची रांग : सरपंच, विकास सोसायटीचे चेअरमन, तालमीची पोरं.

घडलं होतं ते असं. मागच्या वर्षीच्या कट-ऑफनं मी आरामात आत होतो. यंदा पेपर सोपा निघाला की पोरं हुशार निघाली, देव जाणे. कट-ऑफ माझ्या डोक्यावरून गेला. सरकारी फेऱ्या संपल्यावर कॉलेजनं आपली वेटिंग लिस्ट लावली आणि तिच्यात मी पहिला आलो. फोन केला तर तिथला क्लार्क म्हणाला, “पहिलाच आहेस ना? एखादा जातोच की पुण्याला.” झालं. आयुष्यात पहिला नंबर पहिल्यांदाच आलेला. तो वेटिंगमधला आहे या बारीकशा गोष्टीकडं बघायला मला सवड नव्हती.

वडील मिलिटरीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. फलटणहून परत येताना त्यांनी चौकात मोटरसायकल थांबवली, फ्लेक्स वाचला आणि घरात शिरताच विचारलं, “ऑर्डर कुठाय?”

“आवं अण्णा, ऑर्डर कुठली? वेटिंगला पहिला हाय मी.”

“म्हंजे भरती झाली न्हाई.”

“जवळजवळ झालीय.”

“जवळजवळ भरती झालेल्याला रायफल देत न्हाईत. उतरव ते.”

मी शिडी काढेपर्यंत ही बातमी चेअरमनांच्या घरी पोचली होती. बुलेट आमच्या अंगणात येऊन थडकली. “सुभेदार, फ्लेक्स उतरवताय म्हणं?”

“पोराची ॲडमिशनच झाली न्हाई अजून.”

“ते तुमचं घरचं. पर खाली फोटू माझा हाय. सोसायटीची निवडणूक तोंडावर, आन आत्ताच मला खाली उतरवता व्हय? लोकं काय म्हणतील?”

आमच्याकडं फ्लेक्स लावायला कुणाची परवानगी लागत नाही. उतरवायला मात्र खालच्या सगळ्यांची लागते. वर कोण आहे याला फारशी किंमत नसते.

अण्णा दारातच डोक्याला हात लावून उभे राहिले. मला मात्र चेव आला. उतरवायचा नाही ना? मग खरं लिहू. ट्रॉलीवर नंबर टाकून उरलेला लाल ऑइल पेंट घेतला, शिडीवर चढलो आणि ‘निवड’च्या अगोदर जाड अक्षरांत घातलं : ‘वेटिंगवर’. खाली बघ्यांची जत्रा. तालमीतला एकजण ओरडला, “ए गड्या, गॉगल तरी काढ फोटूतला!”

“न्हाई काढत! वेटिंगवाल्याला काय डोळे नसत्यात?”

तेव्हापासून गावात माझं नावच ‘वेटिंग’ पडलं. दूध घालायला डेअरीवर गेलो की कॅनमागून हाक यायची, “काय वेटिंग, हललं का?” पहिले काही दिवस मी आडवाटेनं जाऊन बघितलं. मग वाटलं, का म्हणून? मी काय चोरी केलीय? एकदा एका चुलत्यांना भर डेअरीत ऐकवलं, “तात्या, गेल्या सीझनला तुमच्या उसाला तुरे आले तरी कारखान्याची तोड आली न्हवती. तवा मी हसलो का?” तात्यांनी आपला कॅन उचलला. बाकीचे हसले, पण त्यातल्या निम्म्यांचा ऊसही तसाच उभा राहिला होता. कुणाची तोड, कुणाचा जळका ट्रान्सफॉर्मर, कुणाच्या पोराचं लग्न. वेटिंगवर नाही असा माणूस आमच्या गावात शोधून दाखवावा.

शेवटच्या दिवशी अण्णांना घेऊन सांगली गाठली. ऑफिस बंद होईपर्यंत कुणी ॲडमिशन रद्द केली तर ती जागा माझी, पण त्या क्षणी कागदपत्रांसह समोर हजर पाहिजे, असा नियम. म्हणून खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिलो. लघवीला गेलो तरी अण्णांना जागेवर पहाऱ्याला ठेवून. दारातून येणाऱ्या प्रत्येक पोराला मी मनातल्या मनात पुण्याला, मुंबईला, थेट अमेरिकेला पाठवून देत होतो. संध्याकाळी एकजण बापाला घेऊन धावत आला, तशी माझ्या काळजानं उडी मारली. त्यानं खिडकीत तोंड घालून विचारलं, “होस्टेलला गरम पाणी असतं का?”

क्लार्कनं खिडकी लावायला घेतली. “यंदा कुणी सोडलंच नाही रे.”

“मी कशात कमी पडलो, सर?”

“तू कुठं कमी पडलास? पोरं हलली नाहीत, एवढंच.”

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. म्हणजे माझं भवितव्य गरम पाण्याची चौकशी करणाऱ्या कुणा अनोळखी पोराच्या हातात होतं? आणि त्याची लाज मात्र मी वाहायची?

स्टँडवर अण्णांनी भडंगाचा पुडा घेतला. मग म्हणाले, “फुडल्या वर्षी परत बसतोस का परीक्षेला?”

“न्हाई. कुणीतरी उठंल म्हणून वर्षभर उभा राहणार न्हाई मी. साताऱ्यात बीएस्सी करतो, कॉम्प्युटरचं. शिकायचं ते शिकणारच.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि पुडा माझ्यापुढं केला. त्यांच्याकडची शाबासकी एवढीच असते.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या कॉलेजात छाती काढून उभा राहिलो. बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. खिडकीतल्या मॅडमना सांगितलं, “मॅडम, मी नाइलाजानं आलेलो नाही. तुमचं कॉलेज मी स्वतः निवडलंय.” मॅडम कागद चाळत होत्या. मी आणखी जोर केला, “यादी कधी लागणार? आणि इथंही वेटिंग असेल तर आत्ताच सांगा, मी थांबणार नाही.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि कागदावर शिक्का हाणला.

“कसली यादी, बाळा? निम्मा वर्ग रिकामा आहे. तू काठावर पास असतास तरी घेतला असता, आणि नापास असतास तर थोडा विचार केला असता.”