विहीणबाईंना साडी नेसवायला उशीर झाला

१९ एप्रिल. लग्नाचे गहू दळायला घेतले होते. घाटंजीत आमची पिठाची चक्की आहे आणि ती मी चालवते. मोठ्या जावेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. घरचंच दळण, त्यामुळे गिऱ्हाइकांना दुपारनंतर या म्हणून सांगून टाकलं आणि सकाळपासून पोती रिकामी करायला उभी राहिले. चक्कीत बसायला एक स्टूल आहे, पण त्यावर टॅब असतो.

टॅब मुलीचा. ती नागपूरला शिकायला गेली, तिला नवा घेतला, जुना इथे पडून होता. चक्कीत गहू ओतले की पीठ पडेपर्यंत हाताला काम नसतं. त्या वेळात मी टॅबवर चित्रं काढायला लागले. शिकवायला कोणी नव्हतं आणि गरजही पडली नाही. पेन काचेवर टेकवलं की रंग उमटतो, चुकलं की खोडायचं. कागद फाटत नाही, पाणी सांडत नाही, पीठ बसलं तर पदराने पुसून टाकायचं. चक्कीवाल्या बाईला याहून सोयीचं काही नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. चित्र काढताना मारलेली प्रत्येक रेघ टॅब आपणहून साठवून ठेवतो आणि शेवटी सगळ्याचा पळता व्हिडिओ करून देतो. दोन दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात. वांगं आपोआप फुगतं, जांभळं होतं, त्याला देठ फुटतं.

वांग्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा चक्कीच्या ग्रुपवर टाकला. तो ग्रुप खरं म्हणजे लाइट गेली-आली सांगायला केलेला आहे. लोकांनी बघितला आणि मतंही दिली. "वांगं मस्त. लाइट आली का?" "वहिनी, देठ छोटं झालं." "माही ज्वारी झाली असन तं सांगजा." देठ खरंच छोटं होतं. मी ते वाढवलं आणि व्हिडिओ पुन्हा टाकला. एकीने विचारलं, अर्ध्या मिनिटात एवढं होते तर माह्या दळणाले दोन दिवस काहून लागते? पण सांगते, रात्री भाकरी थापताना मी एकटीच हसत होते. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही भाजीबद्दल इतक्या लोकांनी इतकं मनापासून मत दिलं नव्हतं. मग टमाटे काढले, शेजारची शेळी काढली, बसस्टँड काढलं. प्रत्येकावर काहीतरी यायचंच. शेळीच्या मालकिणीने कळवलं की शेळी एवढी वाळलेली नाही, बदनामी करू नका.

तर हे पुतणीला आवडलं. तिच्या मनात आलं की रुखवतात टीव्ही लावायचा.

"काकू, लोकरीचे तोरणं अन् आइस्क्रीमच्या काड्यायचं घर सारेच ठेवते. माह्या रुखवतात तुमचा व्हिडिओ पाह्यजे. दोन्ही घरचे लोक एका चित्रात बसलेले. सासरचे पाहूनच चाट पडले पाह्यजे."

मी हो म्हटलं. सासर महागावचं. साखरपुड्याचे फोटो तिने पाठवले आणि मी कामाला लागले. माणसं काढायची माझी पद्धत साधी. आधी खुर्च्या. मग खुर्चीवर नुसतं माणूस, म्हणजे धड, हातपाय, डोकं, सगळं एकाच गव्हाळ रंगात. बसणं जमलं की मग केस, मग कपडे, मग नाकडोळे. मधोमध नवरदेवाची आई बसवली. साखरपुड्याला तिने हिरवी साडी नेसली होती आणि तिच्या काठावर पक्ष्यांची बारीक रांग होती. ते काम किचकट, म्हणून सर्वांत शेवटी ठेवलं. बाकीचे पटापट उरकले.

त्या दिवशी तिसरं पोतं चक्कीत ओतलं तेव्हा शेवटचा पक्षी झाला. पुतणीने सांगून ठेवलं होतं की व्हिडिओ झाला की लग्नासाठी केलेल्या दोन्ही घरच्या ग्रुपवर टाका, तिकडच्यांनाही पाहू द्या. मी पिठाच्या बोटानेच पाठवला. स्वतः बघितला नाही. बघायचं काय, मीच तर काढला होता.

पहिली दोन उत्तरं आमच्याकडची. वा वहिनी, लय भारी. मग महागावहून नवरदेवाच्या लहान भावाचं आलं: "काकू, बाबाले थंडी नाही वाजून राह्यली का?"

मला कळेना. एप्रिलमध्ये थंडी कुठली? मग मी व्हिडिओ लावला.

पांढऱ्या पानावर खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर दोन्ही घरची वडीलधारी मंडळी आली. टकली, गव्हाळ, अंगावर सूत नाही. गुडघ्यांवर हात ठेवून ओळीने फोटोला बसलेली. नाकडोळे नव्हते तरी कोण कोण ते लगेच ओळखू येत होतं, कारण पोटं मी फोटो बघून जशीच्या तशी काढली होती. मग एकेकाच्या अंगावर भराभर कपडे चढत गेले.

मला इतकं हसू आलं की मी चक्कीला धरून उभी राहिले. तेवढ्यात दारात मोठ्या जाऊबाई. आमची घरं एकाच अंगणात आहेत, पण त्या दिवशी त्या चपला न घालता आल्या.

"काय करून ठेवलं व हे तुनं?" चक्की चालू होती म्हणून त्या ओरडूनच बोलल्या. "इहिनीचे कपडे कुठी आहे?"

"आहे ना बाई! पुढं येते. हिरवी साडी आहे!"

"पुढं येते म्हणजे? तोवर?"

"तोवर काही नाही!"

"अवो, इवायाले उघडं बसवलं तू! माह्या पोरीच्या सासऱ्याले!"

आमचे हे मागच्या अंगणात पोती शिवत होते, ते फोन हातात घेऊनच आले. "मी तं बरा दिसून राह्यलो," म्हणाले. जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत पोत्यांकडे गेले.

पाठोपाठ पुतणी आली. तिला पाहून माझं हसणं थांबलं. तिचा चेहरा पडला होता.

"काढून टाकतो ग्रुपवरून," मी म्हटलं.

"आता काय काढता काकू, साऱ्यायनं पाह्यला. सासूबाईनंबी पाह्यला, टिक आली त्यायची. पाहून चूप आहे त्या." ती गव्हाच्या पोत्यावर बसली. "तुमचं काय, तुम्ही इथं राह्यता. मले जिंदगीभर त्यायच्या घरात राहाचं आहे."

खरं होतं ते. विहीणबाई कडक म्हणून सगळीकडे माहीत. साखरपुड्यात ओटी भरताना नारळाची शेंडी कुठल्या बाजूला आहे तेही त्यांनी पाहिलं होतं. पोरीचं तिथलं पहिलं पाऊल अजून पडायचं होतं आणि तिच्या काकूने सासूला सगळ्या नातेवाइकांपुढे असं बसवून ठेवलं होतं. मी चक्की बंद केली. तेव्हा कळलं, आम्ही सगळ्या किती मोठ्याने ओरडत होतो.

फोन वाजला. विहीणबाईंचा आवाज रेकॉर्ड करून आला होता. ग्रुपवर नाही, फक्त मला.

जाऊबाई म्हणाल्या, "लावू नोको."

पुतणी म्हणाली, "लावा."

माझ्या बोटाला पीठ, फोन ऐकेना. बोट पदराला पुसलं आणि लावला.

"नमस्कार बाई. व्हिडिओ पाह्यला. दोनदा नाही, चांगला दहादा पाह्यला. लोक कपडे घालासाठी आधी असेच बसवा लागत असन, मले काही त्यातलं समजत नाही. साऱ्यायले एकदमच आंघोळीले बसवलं, असं समजून घेतलं मी. पन मले एक सांगा. तुमच्या जाऊबाईले साडी नेसवली. तुमच्या मालकाले कोट घातला. माह्या दिराले बूटसुद्धा घातले. आमच्या यायले फेटा बांधला. अन् मी? मंधातल्या खुर्चीवर मी तशीच! साऱ्यायचं झाल्यावर मंग माह्याकडं पाह्यलं तुम्ही. इहिनीले लुगडं आधी असते का मागून? नवरदेवाची माय आहे मी!"

मी पुन्हा लावला. जाऊबाईंचं म्हणणं, चिडल्या. पुतणीने फोन कानाला लावून ऐकला आणि म्हणाली, मागं कोणीतरी हसून राह्यलं. पण मागे हसणाऱ्यावरून पुढच्या बाईचं काय ते कसं कळणार?

मला असं ताटकळत बसायला जमत नाही. मी सरळ फोन लावला.

"बोला," विहीणबाई म्हणाल्या.

"बाई, मानपानाचं काही मनात नोहतं. तुमच्या साडीचा काठ कठीण होता. ते पोपट काढाले लय टाइम लागला, म्हणून मागून ठेवली."

"पोपट?"

"काठावरचे."

"मोर आहे ते."

मी टॅबवर फोटो मोठा करून पाहिला. मोरच होते. पिसारा मिटलेला होता, म्हणून मी फसले होते.

"तुमी पोपट काढले?" विहीणबाईंचा आवाज चढला आणि मग मध्येच फुटला. त्या हसत होत्या. पोट धरून हसत होत्या. मागे कोणालातरी सांगत होत्या, "अवो ऐकता का, माह्या पैठणीवर पोपट बसवले यायनं!" मलाही आवरेना. पुतणी पोत्यावरून उठली आणि माझ्या कानाला कान लावून उभी राहिली.

"मोर करून देतो बाई," मी कसंबसं म्हटलं.

"कराच. अन् हे पाहा." आता त्या हसत नव्हत्या. "घरातल्यायनं पाह्यलं तेवढं ठीक आहे. पन रुखवतात टीव्हीवर लावान तं साऱ्या मांडवापुढं मले एक घडीबी तशी दाखवाची नाही. इहिनीचं लुगडं पहिले. तसं होत असन तं लावा, नाही तं पोरीले सांगा, लोकरीचं तोरणच बरं."

"मंग सारंच पहिल्यापासून काढा लागते. व्हिडिओत मागचं पुढं करता येत नाही."

"काढा. लग्नाले टाइम आहे."

"अन् तुमच्या यायचा फेटा?"

"त्यायचं काय, त्यायले शेवटी घाला. घरात असेबी बनियनवरच फिरते."

फोन ठेवला. पुतणी परत पोत्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता मागच्या पिठाच्या डब्यावर टेकली, केस पांढरे करून घेतले, तरी थांबेना. जाऊबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडल्यावर त्या माझ्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नवं काढूनच राह्यली तं मले दुसऱ्या नंबरनं नेसवजो. अन् ती मोरपंखी साडी घेजो, साखरपुड्याची मले जाडी दाखवते."

कसं कोण जाणे, पण तासाभरात सगळ्यांना कळलं की चित्र नव्याने होणार आहे. ग्रुपवर नंबर लागायला सुरुवात झाली. नवरदेवाच्या काकांनी लिहिलं, पोट थोडं आत घ्या. त्यांच्या बायकोने खाली लिहिलं, घेऊ नका, खोटं वाटन. नवरदेवाच्या लहान भावाला चित्रात जागा आणि काळा चष्मा हवा होता. आमच्या यांनी शेजारून विचारलं की कोटाऐवजी जाकीट जमेल का? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, जे चक्कीवर देते. नंबरानं होईल.

दुपारी गिऱ्हाइकं आली तेव्हा लग्नाचे गहू अर्धेच झाले होते. ग्रुप दोन्ही घरचाच होता, तरी बातमी घाटंजीत फिरली होती. ज्वारीवाली डबा ठेवता ठेवता म्हणाली, "वहिनी, माहं चित्र काढान तं आधीच सांगजा, मी स्वेटर घालून येतो." मी तिची ज्वारी आधी दळून दिली.

आता अडचण एवढीच होती की साडी आधी कशी काढायची. बाईशिवाय साडी मी कधी काढली नव्हती. खांदा कुठे, गुडघा कुठे, हे माहीत असल्याशिवाय निऱ्या कशा पडतात ते मला दिसत नाही. दळता दळता संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. जाऊबाईंना त्यांच्याच दारात खुर्चीवर बसवलं आणि पदर, निऱ्या, गुडघ्यावरची घडी नीट पाहून घेतली. त्यांना वाटलं त्यांचा पहिला नंबर लागला. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्की उशिरा सुरू करायची ठरवली. चहा झाला, स्टूल उजेडात ओढलं, कोरं पान उघडलं. मधोमध एक खुर्ची काढली. मग खुर्चीवर नुसती हिरवी साडी बसवली. निऱ्या पायांशी, घडी गुडघ्यावर, पदर खांद्यावरून, आणि आत कोणी नाही. काठावर एकेक मोर काढला, यावेळी माना लांब करून. शेवटचा मोर झाल्यावर साडीतून दोन हात बाहेर काढले, वर डोकं ठेवलं, अंबाडा घातला आणि व्हिडिओचा तेवढाच तुकडा विहीणबाईंना पाठवून दिला. मग उरलेले गहू चक्कीत ओतले आणि बटण दाबलं.