टाकीतला शेवटचा तुकडा

नोकरीसाठी बेंगळुरूला जाताना मुलीने आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी माझ्या हवाली केली. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाकडे तिचे प्रवाळ सुरक्षित राहील, असा तिचा समज होता. माझाही होता.

पावसाळा सरता सरता तिचे लाडके मऊ प्रवाळ, तळहाताएवढे, बुडापासून सडू लागले. निरोगी भाग कापून नव्या दगडांवर बसवणे, एवढाच उपाय उरला. तीन तुकडे निघाले. ती दिवाळीला येणार होती.

मी कृती कागदावर क्रमाने लिहून काढली: कापलेली बाजू टिपावी, गोंदाचा थेंब ठेवावा, दगडावर दाबून साठ अंक मोजावेत. अंक मी बिनचूक मोजले. सकाळी तिन्ही तुकडे पाण्यात मोकळे फिरत होते. कापलेले मऊ प्रवाळ बुळबुळीत स्राव सोडते व त्यावर गोंद टिकत नाही, हे मला दुसऱ्या प्रयत्नानंतर कळले. तिसऱ्या प्रयत्नात तुकडे दगडांवर नुसते टेकवून ठेवले; त्यातला एक पंपाने ओढून चिरडला, दुसरा विरघळला. एकच उरला.

त्याच दिवशी बागेची औषधे न्यायला सांगलीत आलेला माझा मेहुणा जेवायला थांबला. तासगावला त्याची द्राक्षबाग आहे. जंगली खुंटावर चांगल्या वेलीची काडी बांधून कलम करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. टाकीकडे पाहून त्याने विचारले, की ही काडी नुसती ठेवून कशी धरेल? प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे, हे मी त्याला वर्गीकरणासह समजावले. ऐकता ऐकता त्याने बहिणीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, शिवणाचा दोरा मागून घेतला. मी मुद्दा पुन्हा मांडला.

“आवं दाजी, त्येला कुठं ठावं हाय आपण कोण ते? हालू दिलं न्हाई की धरतंय.”

तुकडा निसटू नये आणि दोरा मांसात रुतू नये, असे दोन वेढे त्याने दिले. नेमके किती घट्ट, असे मी विचारले. त्याला ते सांगता येईना. पंपाच्या झोतापासून दूर दगड ठेवून तो जेवायला बसला.

पंधरवड्याने मी दोरा कापला. तुकडा जागचा हलला नाही. त्याचे बूड दगडावर पसरले होते.

दिवाळीला मुलगी बराच वेळ काचेला नाक लावून बसली. जे गेले त्याची कारणमीमांसा मी तिला व्यवस्थित सांगितली. ती म्हणाली, हा वाढला की याचेही तुकडे करता येतील. मात्र त्या दिवशी आधी मामाला बोलावून घ्यावे, असे तिने मला अतिशय आदराने सुचवले.